पंक्चरवाल्याचं आडनाव

इरा आणि निहार,

परवाच्या रविवारी स्क्रीनवर तुमचे दोघांचे अर्धे-अर्धे चेहरे दिसत होते आणि तुम्ही तुमच्या या आजीकडे न्याय मागत होतात. कॉमिकवरून काढलेला तो नवा चित्रपट. इराचं म्हणणं, सगळ्यांनी त्याला झोडपलंय, त्यापायी एक अख्खा शनिवार घालवू नये. निहारचं म्हणणं, ती पुस्तकं त्याला पाठ आहेत, त्यामुळे चित्रपट वाईट निघाला तरी तो त्याला बघायचाच आहे. मी "विचार करून सांगते" म्हणाले आणि तुम्ही हसलात, कारण एवढ्याशा गोष्टीला कोणी विचार करत नाही. पण हाच प्रश्न आमच्या घरात एकदा आला होता आणि त्याच्या उत्तरावर एका माणसाचं पुढचं आयुष्य ठरलं. तो रविवार पाहिलेली घरातली मी एकटीच आता उरले आहे. तुमच्या आईलाही तो धड ठाऊक नाही. म्हणून लिहून ठेवते आहे. मराठी वाचताना अडलात तर आईकडून वाचून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा.

आम्ही तेव्हा सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. बैठ्या घरांची एक लांब ओळ, प्रत्येकाला पुढे व्हरांडा आणि मागे भांडी घासायचा ओटा. दिवस सायकलींच्या आवाजाने सुरू होई. ओळीतले सगळे पुरुष साधारण एकाच सुमाराला आपापल्या सायकली व्हरांड्यातून खाली उतरवत आणि उतरवताना घंटी एकदा वाजवून बघत. कोणती घंटी कोणाची, हे मला गादीत पडल्या पडल्या कळे. त्यामागून आईच्या परातीत भाकरी थापल्याचा आवाज, आणि मग बाबांचं खाकरणं. बाबा हेडक्लार्क होते. शर्टाला इस्त्री स्वतः करत, कारण इस्त्रीवाल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दूधवाल्यावरही नव्हता, दुधाचा थेंब नखावर घेऊन ते तो ओघळतो कसा हे बघत. लग्नाची पत्रिका आली की तारीख बघायच्या आधी "आपल्याला का बोलावलं असेल" हा प्रश्न निघे. त्यांना दोष देऊ नका. पुण्यात नवे आले तेव्हा खोली शोधत ते पेठापेठांतून हिंडले होते. घरमालक बसा म्हणत, भाडं सांगत, कधी चहासुद्धा देत, मग आडनाव विचारत. आडनाव ऐकलं की त्यांना एकदम आठवे की खोली कालच दिली आहे. "या गावात खोल्या नेहमी कालच जातात," असं बाबा म्हणायचे. मी पाळण्यात होते तेव्हा आमच्या घराने धम्म स्वीकारला होता, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, रविवारी सकाळी वंदना असे. पण घरमालकांना त्याने काही फरक पडला नव्हता.

त्यामुळे आमच्याकडे वर्तमानपत्र खालून वर वाचलं जाई. लेख समोर आला की बाबा आधी लिहिणाऱ्याचं नाव बघत. नाव पटलं तर लेख वाचत. नाही पटलं तर पहिली दोन वाक्यं वाचून "हं" करत आणि पान उलटत. मी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते, तिथे सिस्टर आम्हाला शिकवत की मजकूर काय आहे ते बघा, माणूस कोण आहे ते बघू नका. घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टरना खोली शोधावी लागलेली नाही."

या घरात शालूआत्याही राहायची. बाबांची धाकटी बहीण. महापालिकेच्या शाळेत ती ड्रॉइंग शिकवायची, म्हणजे एकेका वर्गात जाऊन फळ्यावर आंबा, पतंग आणि टेबलावरचा तांब्या काढायची आणि मुलांच्या वह्यांतले वाकडे तांबे सरळ करून द्यायची. आवाज मोठा, चाल भरभर, आणि बाबांना उलट उत्तर देणारी घरातली ती एकटीच. एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर तिची चित्रकथा येई. नाव 'सायकलवाला काजवा'. दिवसा झाडाखाली बसून पंक्चर काढणारा एक माणूस अंधार पडल्यावर तोंडाला काळं फडकं बांधतो आणि सायकलीवरून निघतो. गुंडांना तो दिसत नाही, फक्त त्याच्या डायनामोचा दिवा लुकलुकत जवळ येताना दिसतो. आत्या आठवडाभर डोक्यात गोष्ट घोळवायची आणि शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी पाट उभा टेकवून त्यावर जाड कागद लावायची. आधी पट्टीने चौकटी, मग पेन्सिल, मग टाक आणि काळी शाई. निब कागदावर खरखरायची आणि मागे आईचं वांगं चुलीवर फुटायचं. भाजलेल्या वांग्याचा वास आला की मला आजही शाईचा वास येतो. रात्रीच्या आकाशाचं काळं ती मला भरायला द्यायची. "कडेच्या आत राहा," एवढंच सांगायची.

त्या पंक्चरवाल्याला तिने नाव दिलं नव्हतं. गोष्टीतले लोक त्याला "अहो पंक्चरवाले" नाहीतर "ए" म्हणत. फडकं सुटलं तरी तो पाठमोरा असे. एकदा जेवताना बाबांनी विचारलं, "पण हा आहे कोण? याचं आडनाव तरी काय?"

"पंक्चर काढायला आडनाव कशाला लागतं, दादा?" आत्या म्हणाली.

बाबांनी भाकरी मोडली आणि ते जेवू लागले. पण त्यानंतर साप्ताहिक आलं की ते शेवटचं पान पहिल्यांदा उघडू लागले. तिथे खाली कोपऱ्यात फक्त 'शा.' एवढं असे. पूर्ण नाव छापायची पद्धत नाही, असं साप्ताहिकाचे मालक भाऊसाहेब म्हणत. आत कविता करणाऱ्यांची नावं पूर्ण असत.

मग भाऊसाहेबांनी काजवा एका चित्रपटवाल्याला दिला. आत्याला हे त्यांच्याच साप्ताहिकातल्या जाहिरातीतून कळलं. आई म्हणाली, "न विचारता नेलंय. न विचारता नेलेल्या वस्तूचं लोक काय करतात ते आपल्याला माहीत आहे." बाबांना मात्र आतून आनंद झाला होता, तो त्यांनी संशयाच्या रूपात दाखवला. "यात भाऊसाहेबांचा काहीतरी डाव असणार," असं ते ओळीतल्या प्रत्येक घरात जाऊन सांगून आले. त्या निमित्ताने चित्रपट आपल्या शालूच्या चित्रांवरून निघतोय हेही सगळ्यांना कळलं.

चित्रपट लागला आणि थोड्याच दिवसांत दोन गोष्टी एकामागून एक आल्या. पहिली म्हणजे भाऊसाहेबांचा निरोप. आत्या त्यांना भेटून आली. चित्रपट चालला नाही तरी पोस्टर गावभर लागलंय, तेव्हा आता काजव्याची दर आठवड्याला दोन पानं हवीत, आणि वर तिचं पूर्ण नाव. एवढं काम की शाळा सोडली तरी चालेल. अट एकच, पडद्यावरचा काजवा जिथे संपतो तिथून पुढची गोष्ट काढायची. "पडद्यावरचा वेगळा आहे का?" असं तिने विचारलं, तर ते म्हणाले, "जरा मोठा केलाय. सोमवारी काय ते सांगा." आत्याने मला एकदा सांगितलं होतं की तिला आयुष्यात फक्त दिवसभर चित्रं काढायची आहेत, आणि तीही दुसऱ्यांच्या वह्यांत नाही. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात नुसती येरझाऱ्या घालत होती. आई म्हणाली, "बस, नाहीतर लसूण सोल." तिने लसूण सोलला, जरुरीपेक्षा खूप जास्त.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्तमानपत्रातलं परीक्षण. शनिवारी सकाळी बाबांनी पान उघडलं, खालचं नाव वाचलं, चष्मा वर सरकवला आणि पहिली दोन वाक्यं मोठ्याने वाचली. 'ज्यांच्याकडे रविवारची दुपार शिल्लक आहे, त्यांनी ती झोपून घालवावी. चित्रकथेवरून काढलेला हा चित्रपट पाहण्यासारखा नाही.'

"हं," बाबा म्हणाले आणि घडी घातली.

"पुढे काय लिहिलंय?" आत्याने विचारलं.

"पुढे वाचायची गरज नाही. नाव बघितलंस? आपल्यापैकी कोणी काही केलं की यांच्या पोटात दुखतं."

"अहो," आई म्हणाली, "त्यांना काय माहीत ते कोणी काढलंय? खाली नुसतं शा. असतं. शा म्हणजे शास्त्रीसुद्धा होईल."

"माहीत असतं. यांना सगळं माहीत असतं."

"मग खोली शोधताना तुमचं आडनाव विचारलं कशाला असतं?"

बाबा आत्याकडे वळले. सोमवारी जाऊन हो म्हण, असं त्यांनी सांगितलं. लोकांना इतकं खुपतंय म्हणजे त्यात काहीतरी आहे. आत्या म्हणाली, "मी अजून बघितलेलाच नाही. बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही."

"बघायचं काय? तुझंच तर आहे."

"तेच बघायचंय," आत्या म्हणाली.

इथे जरा थांबते. इरा, तू मला त्या चित्रपटाला मिळालेले तारे दाखवलेस. ते कोणी दिले, असं मी विचारलं तर तू म्हणालीस, सगळ्यांनी मिळून. खाली नावच नाही. बाबांनी ते पान किती वेळ खालीवर केलं असतं याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. मलाही त्या ताऱ्यांवर विश्वास बसत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. ज्याला नाव नाही त्याला नंतर गाठता येत नाही.

तर, बाबांनी आत्याला एकटं जाऊ दिलं नाही. परीक्षण लिहिणाऱ्याला उत्तर म्हणून त्यांनी आमची अख्खी ओळ रविवारच्या दुपारच्या खेळाला न्यायचं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी घरोघर फिरून आले. "आपलं माणूस आहे, आपणच गेलं पाहिजे," म्हणाले. शेजारच्या गायकवाडकाकू म्हणाल्या, "येते की. पण वाईट निघाला तर पुढचा गणपतीतला कार्यक्रम तुम्ही ठरवायचा नाही." रविवारी वंदना लवकर उरकली, मटणाचा बेत रद्द झाला, आईने तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात भरल्या आणि आम्ही निघालो. पुरुष आणि शालूआत्या सायकलींवर, मागे कॅरिअरवर मुलं, बाकी बायका बसने. मी आत्याच्या सायकलीवर मागे बसले होते. वाटेत ती एकदाही बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत हे आजारपणाचं लक्षण होतं.

थिएटरात आमच्या लोकांनी मधल्या रांगा भरल्या. बाकी ठिकाणी खुर्च्या पुष्कळ मोकळ्या होत्या. अंधार झाला, नावं सुरू झाली. वेशभूषेचं नाव आलं, घोडे पुरवणाऱ्याचं नाव आलं. आत्याचं आलं नाही, अगदी शा. सुद्धा नाही. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "शेवटी असेल." मग काजवा आला, तो घोड्यावर बसून. घोडा पांढरा होता आणि त्याच्या कपाळाला दिवा बांधला होता. मागून कोणीतरी ओरडलं, "सायकल कुठे विकली रे?" आणि थिएटर हसलं. घोड्याला तो दिवा नकोसा होता; तो मान झटकत होता आणि काजवा संवाद म्हणता म्हणता त्याला आवरत होता. मध्यंतरात आम्ही पुऱ्या खाल्ल्या. गायकवाडकाकूंनी पुरी हातात धरून विचारलं, "पंक्चर कशाचं काढतो मग हा? घोड्याचं?" बाबा म्हणाले, "पडद्यावर सायकल लहान दिसते, म्हणून घोडा घेतात. तांत्रिक गोष्ट आहे ती." आत्या पुरीचा तुकडा बोटांत फिरवत राहिली.

उत्तरार्धात काय झालं ते मी सविस्तर सांगत नाही, फक्त शेवट सांगते. काजवा पकडला जातो. एका म्हाताऱ्या सरदारासमोर त्याला उभं करतात, त्याच्या तोंडावरचं फडकं ओढतात. सरदार त्याच्या दंडावरचा डाग बघतो, उठून उभा राहतो आणि सगळ्या दरबाराला सांगतो की हा माझा हरवलेला नातू आहे. मग तो म्हणतो, "मला वाटलंच होतं. एवढी हिंमत रस्त्यावर पंक्चर काढणाऱ्याच्या रक्तात कुठून येणार?" सनई वाजली. पुढच्या रांगांतून टाळ्या आल्या. आमच्या रांगांतूनही दोन-चार जणांनी वाजवल्या, शेवट आला की वाजवतात तशा, आणि मग त्या एकेक करून थांबल्या. बाबांनीही हात वर उचलले होते. मी शेजारीच होते, म्हणून मला दिसलं. त्यांनी ते हात परत गुडघ्यांवर ठेवले आणि दिवे लागेपर्यंत तिथेच राहू दिले.

बाहेर ऊन होतं. गायकवाडकाकूंनी गणपतीतल्या कार्यक्रमाचं नाव काढलं नाही. आत्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि बससाठी पुढे गेल्या. सायकलींची रांग जाताना होती तशीच परत आली, फक्त घंट्या वाजल्या नाहीत.

घरी येऊन आत्याने चपलाही काढल्या नाहीत. "वहिनी, कालचा पेपर कुठे आहे?" तिने विचारलं. आई गोंधळली. पेपर तिने शनिवारीच मसाल्याच्या फळीवर अंथरला होता. आत्या फळीवरून डबे उतरवू लागली. तिखट, हळद, गोडा मसाला, धणे, सगळे ओट्यावर ओळीने ठेवले. परीक्षण फळीच्या कडेला होतं आणि त्याच्या एका कोपऱ्यावर हळद सांडली होती. आत्याने पेपर काढला नाही, मान तिरकी करून तिथेच उभ्याने मोठ्याने वाचायला लागली. पहिली दोन वाक्यं आम्ही ऐकलेली होती. पुढे लिहिलं होतं की मूळ चित्रकथा हे परीक्षण लिहिणारा दर आठवड्याला वाचतो. तिच्यातला काजवा कोणाचाही नातू नाही, त्याच्यामागे वाडा नाही, पदवी नाही, नावसुद्धा नाही, आणि तरीही तो निघतो. त्या कथेत बघण्यासारखं असेल तर तेवढंच आहे. चित्रपटवाल्यांना नेमकं तेच सहन झालं नाही. चित्रं कोण काढतं ते साप्ताहिक छापत नाही. छापायला हवं.

आत्या थांबली. चुलीपाशी आई पदराने हात पुसत उभी होती. बाबा दारात होते. ते पुढे आले, चष्मा लावला, वाकले आणि खालचं नाव पुन्हा वाचलं. बराच वेळ वाचलं.

"मुद्दाम लिहिलं असेल," ते शेवटी म्हणाले.

"दादा, मुद्दाम म्हणजे? कशासाठी?"

"ते कळत नाही. म्हणूनच म्हणतो."

"एखादा माणूस खरं बोलतोय असं एकदा तरी धरून चाल ना."

"धरून चालल्यावर काय होतं ते मी बघितलंय, शालू," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. मग ते ओट्यावरचे डबे एकेक करून तिला देऊ लागले आणि ती ते परत फळीवर लावू लागली. हळदीचा डबा देताना ते म्हणाले, "सोमवारी तू काय सांगशील?"

"तू काय सांगितलं असतंस?"

"काल तर तुला हो म्हण असंच सांगितलं होतं."

"आज?"

बाबांनी ओट्यावरचा शेवटचा डबा उचलला. धण्याचा डबा तिच्या हातात दिला.

सोमवारी आत्या शाळा सुटल्यावर भाऊसाहेबांकडे गेली. बाबा ऑफिसातून परस्पर तिथे गेले होते आणि खाली रस्त्यावर सायकल धरून उभे होते. हे आत्याने नंतर सांगितलं. ती वर गेली आणि म्हणाली की दोन पानं काढीन, पूर्ण नाव छापा, पण काजवा माझाच राहील, सायकलवर आणि झाडाखाली. भाऊसाहेब म्हणाले की वाचकांना आता नातू हवा आहे. ती म्हणाली की मग तुम्ही नातू काढा. एवढंच. खाली आली तेव्हा बाबांनी सायकल घराकडे वळवली. दोघं सायकली हातात धरून चालत घरी आले.

भाऊसाहेबांनी दुसरा चित्रकार ठेवला. तो घोडा चांगला काढायचा. वर्षभरात तीही चित्रकथा थांबली. आत्याला पुढे कोणी चित्रकथा मागितली नाही. ती शाळेतच राहिली, निवृत्त होईपर्यंत तांबे सरळ करत. तिने तेव्हा हो म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे मी अनेकदा मनात करून पाहिलं आहे. दिवसभर चित्रं काढायला मिळाली असती, वर नाव असतं. ती सुखी झाली असती का ते मला माहीत नाही. तिला एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घोडे काढायचा मला कंटाळा येतो," आणि विषय बदलला. बाबा शेवटपर्यंत नाव आधी वाचत राहिले. फक्त त्यानंतर, नाव पटलं नाही तरी, ते लेख पुरा वाचत आणि मग रागावत.

निहार, तू तो चित्रपट बघ. तुला ती पुस्तकं पाठ आहेत, त्यामुळे त्यांनी काय बदललं ते इतरांपेक्षा तुला जास्त कळेल, आणि ते का बदललं याचा तू विचार करशील. इरा, तू त्याच्याबरोबर जा, पण आधी कोणाचं तरी एक नाव असलेलं परीक्षण पूर्ण वाच. दोघांनीही मला मग फोन करा. मला ताऱ्यांत सांगू नका.

तो जुना चित्रपट आता कुठेही बघायला मिळत नाही, मी शोधला. साप्ताहिक केव्हाच बंद पडलं, क्वार्टर्सच्या जागी मोठ्या इमारती आल्या. आत्याने भाऊसाहेबांना नाही म्हटल्यानंतर त्या उन्हाळ्यात काजव्याची शेवटची गोष्ट घरी बसून पुरी केली. ती छापली गेली नाही. त्यातल्या रात्री मी काळ्या केल्या आहेत. ती पानं इथे धायरीच्या घरात माझ्या कपाटाच्या खालच्या खणात सपाट ठेवलेली आहेत. कागद पिवळा पडला आहे. शाई काळीच आहे.